नावेत पसरलेलं पीठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नावेत ज्वारीचं पीठ पसरणं. दिवे लागायच्या थोडं आधीची वेळ होती. मी नावेच्या मागच्या टोकाला ओणवा होऊन फळ्या फडक्यानं कोरड्या करत होतो. बायको परात मांडीवर घेऊन बसली होती. मुठीनं पीठ टाकायची आणि चार बोटांनी सारखं करायची.

"पातळ टाक," मी म्हणालो. "पानी आलं का नाई ते दिसलं पाह्यजे. तू तं भाकरी थापून राह्यली."

"लगन झाल्यापासून हेच आयकून राह्यली मी. मीठ जास्त, पीठ जाड."

"मीठ जास्तच रायते."

"मंग अळणी खात जा."

पीठ पसरून झालं. तिनं हात झटकले, पदराला पुसले आणि काठावर उतरली. जेवण झाल्यावर अंगणात खाटेवर पडताना म्हणाली, "सकाळी पहिले पीठ पाहा, मंग मले उठवा. कोरडं असलं तं पोरीले आनाले मी जाते. तुमी नोका बोलू तिच्या सासूसंगं. तुमचं तोंड म्हंजे दगड."

पोरीला नदीपलीकडून घरी आणायचं, एवढी एकच गोष्ट त्या उन्हाळ्यात आमच्या डोक्यात होती. पहिलंच बाळंतपण. दिवस भरत आलेले. मिरग तोंडावर आलेला. नदी एकदा चढली की पलीकडचं गाव तुटतं, मग महिना महिना माणूस इकडचा तिकडे होत नाही. आणि आणायची ती ज्या नावेतून, तिच्या बुडातून पाणी येत होतं.

मी मूळचा नावाडी नाही. नेरला कापसाच्या जिनात तेलावरचं इंजिन चालवायचो. शाळा तिसरीपर्यंत. वर्धा नदीच्या एका घाटाचा ठेका ज्याच्याकडे होता, त्यानं कुठूनशी जुनी इंजिनाची नाव आणली आणि ती चालवायला माणूस पाहिजे म्हणून मला बोलावलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात डोहात बांबूनं नाव रेटता येते. पावसाळ्यात धार बांबूला जुमानत नाही, म्हणून इंजिन. आम्ही घाटावर झोपडी घातली. तिथं राहूनच पोरीचं लगन पलीकडच्या गावात जमलं. अलीकडून हाक मारली तर वारा असला की तिला ऐकू जायची.

घाटावर एक डोंगाही होता, झाडाचं खोड कोरून केलेला. आदल्या पावसाळ्यात तो भर डोहात उलटला. निंदणाला आलेल्या बाया होत्या. बाकीच्या निघाल्या, एक निघाली नाही. गावानं गळ टाकले, धारेनं खाली जाऊन दोन्ही काठ पाहिले. ती काही सापडली नाही. तेव्हापासून पोरीच्या सासूनं सांगून टाकलं होतं की पोटुशी सून डोंग्यात बसणार नाही. बैलगाडीनं न्यायचं तर नदीचा उथळ उतार दूर आणि रस्ता सारा दगडगोट्यांचा, त्याला वैदीण नाही म्हणाली. राहिली माझी नाव.

आणि तिच्यात पाणी यायला लागलं.

रोज सकाळी पाहावं तर मागच्या टोकाला घोट्याएवढं पाणी. मी बादलीनं उपसायचो. नाव दिवसभर चालली तर पाणी वाढायचं नाही. बांधून ठेवली की रात्रीतून पुन्हा तेवढंच. हे मला उलटं वाटलं. चालताना दणके बसतात, तेव्हा यायला पाहिजे. उभ्या नावेत कशाला येईल?

आता नावेचं ते काम कसं असतं ते सांगतो. इंजिनापासून एक लोखंडी दांडा मागच्या बुडातून बाहेर जातो. त्याच्या टोकाला पाण्यात पंखा असतो. दांडा फिरणारा, त्यामुळे भोक काही बुजवता येत नाही. म्हणून तो पितळी नळीतून काढतात, आणि नळीच्या आतल्या तोंडाला दोरीचे वेढे भरून वरून आवळतात. त्याला आम्ही गलंड म्हणायचो. जिनात पाण्याच्या पंपाला हुबेहूब तसंच असतं. गलंड चालताना थेंब थेंब टपकलाच पाहिजे. पार आवळला तर दांडा तापतो आणि दोरी जळते.

पहिला संशय त्या गलंडावर. जुनी दोरी वाकड्या तारेनं ओढून काढली, कुजून काळी झालेली. नवी बायकोनं वळून दिली. सुताचे पदर पायाच्या अंगठ्यात धरून पीळ घातला आणि कोलामांकडून घेतलेल्या मेणात बुडवली. मी भरली, आवळली. सकाळी पाणी तेवढंच. आणखी आवळली तर दुपारी चालत्या नावेत कापूस जळाल्याचा वास सुटला. बसलेली माणसं उठून उभी राहिली. मी पुन्हा सैल केली.

बाजाराला येणारे-जाणारे बोलायला लागले. म्हणे, नाव चालते तोवर ठीक, थांबली की तिला कोणी मागून धरतं. कोणी म्हणजे कोण, ते तोंडानं कोणी म्हणत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. डोहात राहिलेल्या बाईला वर यायचं आहे आणि हाताला लागेल ते ती धरते.

मी असल्या गोष्टी कानावर घेणारा नाही. पण सूर्य बुडाला की बांधलेल्या नावेच्या मागून एक आवाज यायचा. ओंजळीनं पाणी पिताना होतो तसा. थांबायचा आणि परत यायचा. मी पाय न वाजवता जवळ गेलो की बंद व्हायचा.

मग मी पीठ काढलं. ओल्या फळीवर पाणी कुठून आलं ते दिसत नाही, सगळंच ओलं असतं. फळ्या पुसून कोरड्या करायच्या, वर पीठ भुरभुरायचं. पाणी जिथून पहिल्यांदा शिरेल तिथून पीठ भिजत येईल. जिनात पंपाखाली मी राख टाकायचो. नावेत राख काळ्या डांबरावर दिसली नसती, म्हणून पीठ.

बायको धावत आली. "हे काय करून राह्यले?"

"गळती पाहून राह्यलो."

"पीठ मेलेल्याच्या जागेवर पसरतेत. माहीत नाई का तुमाले? तुमच्या मायच्या वक्ताले टोपल्याखाली मीच पसरलं होतं."

आमच्याकडे तशी रीत आहे. माणूस जिथं जातं तिथं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळी पिठात काय उमटलं ते पाहतात. त्यावरून गेलेला कोणत्या जन्माला गेला ते सांगतात.

"तिथं माणूस मेलं," मी म्हणालो. "इथं कोन मेलं?"

ती डोहाकडे पाहत राहिली. परात उचलून घेऊन गेली.

सकाळी दोघंही पाहायला गेलो. गलंडाखालचं पीठ कोरडं ठणठणीत. ओल आली होती ती त्याच्याही मागून, नळी जिथं लाकडात शिरते त्या खालच्या सांदीतून. जिभेसारखी पुढं आलेली. म्हणजे दोरीचा दोष नव्हता. पाणी नळीच्या आतून नाही, बाहेरून येत होतं, पितळ आणि लाकूड यांच्या मधून. मला एवढा आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ओलीच्या बाजूला, कोरड्या पिठात, चार बारीक खळगे होते. एका ओळीत. कोणी बाहेरून हात घालून बोटं टेकावी तसे.

"खेकडा," मी म्हणालो.

"खेकड्याले बोटं कवापासून फुटले?"

"खेकडाच आहे. सांदीत बसला अशीन."

मी सांदीत तार घालून पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली. खेकडा निघाला नाही. पळाला असेल. खेकडे काही एका जागी बसून राहत नाहीत.

रात्रीच पाणी का येतं, तेही त्यानंतर डोक्यात आलं. पंखा फिरतो तेव्हा तो दांड्याला पुढं रेटतो. नळीच्या बाहेरच्या तोंडाला पितळी चकती असते, ती बोल्टांनी लाकडावर बसवलेली. बोल्टाभोवतीचं लाकूड कुजलं होतं, त्यामुळे नळी ढिली झाली होती. नाव चालली की रेट्यानं चकती लाकडाला घट्ट चिकटायची आणि पाणी बंद. नाव थांबली की रेटा सुटायचा, चकती केसभर मागं सरायची आणि पाणी आत. मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे थांबली की मागं सरते?"

"हो."

"लोकं तं हेच म्हनून राह्यले."

नाव बैल लावून वाळूवर ओढली. खात्री करायची होती, कारण कुजकं लाकूड किती कापायचं ते ठरवायचं होतं. बाहेरून आत पाणी येतं तिथूनच आतलं पाणी बाहेर पडणार, म्हणून कोरड्या जागी नावेचं मागचं पोट घागरींनी भरतात आणि बाहेर कुठं पाझरतं ते पाहतात. पण डांबर लावलेल्या काळ्या लाकडावर साधं पाणी दिसेना. बायको म्हणाली, "रंग टाका." होळीला वेचलेली पळसाची फुलं तिनं वाळवून मडक्यात ठेवली होती. ती उकळली, वरून चुन्याची निवळी टाकली. केशरी रंग लाल झाला. दोन मोठी पितळी गंजं भरून तो रंग आम्ही नावेत ओतला.

थोड्या वेळानं चकतीच्या कडेनं, एकेका बोल्टाच्या डोक्याखालून, तो बाहेर यायला लागला. काळ्या लाकडावरून लाल ओघळ खाली वाळूत जात होते. मी खडूनं खुणा करत होतो. नेमक्या त्या वेळी पोरीची सासू बाजार करून परत जायला घाटावर आली. डोक्यावर टोपलं, हातात मिरच्यांची पुरचुंडी. ती जागच्या जागी थांबली.

"हे काय केलं, इवाई?"

"रंग आहे. पळसाचा."

"रंग होळीले असते. मिरगाच्या तोंडी कोन रंग खेळते?" मग माझ्या बायकोकडे वळली. "इहीनबाई, तुमी तरी खरं सांगा. कायचा बळी देला?"

माझी बायको हसली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. त्या हातांनी तिनं तोंड झाकलं आणि आणखी हसली. मला तेव्हाच वाटलं, हसायला नको होतं.

"हसा," सासू म्हणाली. "ते बाई तळाशी बसून हाय, माह्या गावची. तिले एकटीले गमत नाई. नाव राती धरते ते कायले धरते? तिले जोडीदारीन पाह्यजे. आन् तुमी नावेले रगत दाखवलं. दाखवलं म्हंजे आता ते घेतल्याबिगर राहत नाई."

"अवो, फुलं हायेत," बायको म्हणाली. "वास घेऊन पाहा."

"मी नाई घेत वासबीस. माही सून दोन जीवाची हाय. त्या नावेत ते बसनार नाई. मी हाय तोवर तं नाईच."

ती डोंग्यातून निघून गेली. बाई मनानं वाईट नव्हती. आमच्या पोरीला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात लावला नाही. भीती होती तिला, आणि भीतीला फुलांचा वास देऊन काही होत नाही.

संध्याकाळी बायको चुलीपाशी बसली. भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "मी जाऊन तिच्या दारात बसते. पोरीले घेतल्याबिगर उठत नाई. पन पहिले नाव कोरडी पाह्यजे. मी तिले म्हनीन, पाहा, पीठ पसरलं होतं, कोरडं हाय."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. बोल्ट ठोकून काढले. कुजकं लाकूड पटाशीनं कोरत गेलो. हाताला ते खजुरासारखं लागत होतं. चांगलं लाकूड लागलं तिथं थांबलो आणि सागाचा तुकडा घासून घासून बसवला. लोहारानं नवे बोल्ट करून दिले. नाव उन्हात फाटू नये म्हणून बायको दिवसभर तिच्यावर ओली पोती टाकत होती.

सांदी भरायचं काम दोन माणसांचं. जवसाचं तेल आणि राळ एकत्र शिजवायची, कापूस त्यात मुरवायचा, आणि बोथट छिन्नीनं तो सांदीत ठासायचा. बाहेरून मी, आतून ती. मध्ये लाकूड असल्यानं बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही ठोक्यानं बोलायचो. मी एक ठोका मारला की तिनं एक मारायचा, म्हणजे तिकडचं झालं. असं करत आम्ही चकतीभोवती फिरत होतो. एका ठिकाणी मी ठोका मारला, आतून ठोका आला. मी पुढं सरकलो, परत मारला, परत आला. मान वर केली तर बायको झोपडीकडून चहाचे दोन पेले घेऊन चालत येत होती.

"कवा उतरली तू?"

"मघाच. तुमाले हाक मारून गेलती. आयकलं नाई का?"

लाकूड पोकळ असलं की आवाज परत येतो. बुडाची पोकळीच तशी असते. मी चहा घेतला. तिला काही सांगितलं नाही. पण राहिलेला कापूस मी तिला परत आत बसवून भरला नाही. आतून बाहेरून मीच ये-जा करत पुरा केला. तिला वाटलं मी तिच्या कामाला नावं ठेवतो आहे. तसंच वाटू दिलं.

चकती बसली, बोल्ट आवळले, वरून डांबर फासलं. बैल लावून नाव पाण्यात लोटली. लाकूड फुगायला वेळ दिला. पहिल्या रात्री थोडं झिरपलं, ते येणारच होतं. दुसऱ्या दिवशी उपसून फळ्या पुसल्या आणि पीठ पसरलं. या खेपेला परात तिनं स्वतःच आणली. ते सुरुवातीला सांगितलं आहे.

सकाळी मी उठलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. ती कुशीवर झोपलेली. रोज ती माझ्या आधी उठते. म्हटलं, चार दिवस घागरी वाहिल्या आहेत, झोपू दे. आणि पहिले पीठ पाहा असं तिनंच सांगितलं होतं.

घाटावर आलो तर नदी बदललेली. वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी गढूळ होऊन त्यावर काडीकचरा आणि फेस चालला होता. अजून चढली नव्हती, पण चढणार होती. मी नावेत उतरलो, मागची आडवी फळी उचलली. पीठ कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, तिनं चार बोटांनी सारखं केलं होतं त्या रेघासुद्धा जशाच्या तशा. कुठं ओल नाही, कुठं खळगा नाही. मी चिमूटभर उचलून तोंडात टाकलं. का टाकलं ते माहीत नाही. कोरडंच लागलं.

तिला उठवायला मी जवळजवळ पळत गेलो. "कोरडं हाय," मी लांबूनच म्हणालो. "उठ. कोरडं हाय." खांद्याला हात लावला.

ती रात्रीच कधीतरी गेली होती. ताप नाही, उलटी नाही, साप-विंचवाची खूण नाही. झोपली ती झोपली. नखांत पीठ तसंच होतं.

याच्यापेक्षा जास्त मला ते लिहिता येत नाही.

जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी रोज पहाटे घाटावर पाण्याला यायची. तिला बोलावलं. तिनं तोंडावर हात फिरवला, डोळे नीट केले आणि अर्धं आमच्या बोलीत, अर्धं तिच्या बोलीत रडायला लागली. मी तिला म्हणालो, "हिच्यापाशी बस. मी पोरीले घेऊन येतो."

"असं करू नोको," ती म्हणाली. "बाई घरात पडली आन् दादला नदीपार जाते काय? आन् पोटुशीनं मढं पाहू नाई."

"पाहू नाई तं नाई पाहनार. पन घरी येईन."

"ते नाव..."

"नाव कोरडी हाय."

मी हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तसं ते कधी लागत नसे.

पलीकडच्या काठावर पोरीची सासू पाण्यापासून दूर उभी राहून राखेनं पाण्याचा पितळी गुंड घासत होती. मला एकट्याला पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला. मी नाव काठाला लावली, खाली उतरलो आणि सांगितलं. मला फिरवून सांगता येत नाही.

"तुमची इहीन गेली. रात्री. पोरीले न्याले आलो."

तिच्या हातातला गुंड खाली पडला. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं. ती नावेकडं पाहत होती, मागच्या टोकाकडं.

"पानी येते का अजून?"

"नाई. पीठ कोरडं हाय."

तिनं मान हलवली. हळूच, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "घेतली म्हनाची मंग. भेटली तिले जोडीदारीन."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. फुलं होती, बोल्टाभोवतीचं लाकूड कुजलं होतं, झोपेत माणसं जातात, सगळं मला बोलता आलं असतं. आणि बोललो असतो तर पोरगी तिकडंच राहिली असती.

"आता ते कोनाले काई करत नाई," ती म्हणाली. आवाजात धाक राहिला नव्हता. "आता ते नाव सारेईपेक्षा चांगली. थांबा. मी आनते तिले. पन आयका, इवाई, तिले इथं सांगू नोका. घरी जाऊ द्या. आन् मायचं तोंड पाहू देनार नाई मी. मीबी येते संगं."

जी बाई त्या नावेच्या सावलीला उभी राहत नव्हती, ती पोरीचं बोचकं काखेत मारून सगळ्यांत आधी चढली. पोरीला हात देऊन आत घेतलं. तिच्या पदराच्या गाठीत लोखंडाचा खिळा बांधला. पोरगी खुशीत होती. "माय नाई आली?" तिनं विचारलं.

"घरी हाय," सासू म्हणाली.

दोघी पुढच्या अंगाला बसल्या. मी मागं, सुकाणूजवळ. नाव धारेत घेतली. गलंड टपकत होता, जसा टपकायला पाहिजे तसा, मोजून मापून.

डोहाच्या मधे आलो आणि मला नाव जड वाटली. इंजिन चालवणाऱ्याला ते कानानं कळतं, आवाज खोल जातो. मी बाहेर वाकून पाहिलं. मागच्या टोकावर डांबराची एक रेघ मी मुद्दाम ओढून ठेवली होती. आम्ही तिघं असताना ती पाण्याच्या वर चार बोटं राहायला पाहिजे. पाणी रेघेला टेकलं होतं. नाव मागून बसली होती, जशी कोणी आणखी माणसं मागं बसल्यावर बसते. मी पायानं फळी सरकवली. खाली पीठ होतं, कोरडं. मी हात घालून पाहिला. कोरडं.

"वाकू नोका, इवाई," सासू पुढून म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. "चाला तुमी. बसू द्या."

गढूळ पाणी जड असतं. धारेत नाव मागून दबते. मी इंजिनाला थोडं तेल जास्त दिलं. नाव चालत राहिली.

अलीकडचा काठ दिसायला लागला. झोपडीच्या अंगणात तांड्यावरच्या बाया जमल्या होत्या. त्या रडत असणार. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं. पण काठाला लागून मी इंजिन बंद केलं असतं, तर ते रडणं पाण्यावरून सरळ आमच्याकडे आलं असतं, आणि पोरीला ते तसं कळलं असतं, परक्या बायांच्या गळ्यातून, नावेतून उतरता उतरता.

पोरगी हात कपाळावर धरून पाहत होती. ओरडून म्हणाली, "बाबा, आपल्या घरी एवढ्या बाया काहून आल्या?"

तिच्या सासूनं तेव्हा पहिल्यांदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नाही, नाही.

काठ अजून दूर होता. मी तिथंच इंजिन बंद केलं. सुकाणू सोडलं, पुढं जाऊन पोरीच्या शेजारी फळीवर बसलो, तिचा हात हातात घेतला आणि तिला सांगितलं.